तबकडी फुटली का? स्कीटच्या रेफरीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत स्कीटचे, म्हणजे शॉटगनच्या छऱ्यांनी हवेतली तबकडी फोडायच्या नेमबाजीचे, प्रश्न जास्त आहेत आणि बहुतेकांचा रोख रेफरीकडे आहे. पॅरिस ऑलिम्पिक ज्या आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांनी झालं, ते धरून उत्तरं दिली आहेत. स्पर्धेला उतरण्यापूर्वी आयोजकांकडून चालू आवृत्ती मागून घ्या, कारण नियमांत अधूनमधून बदल होतात.

नव्या वाचकांसाठी मैदानाची ओळख. अर्धवर्तुळावर सात स्टेशनं आणि आठवं मधोमध. डाव्या टोकाला हाय हाउस, तिथून तबकडी ३.०५ मीटर उंचीवरून सुटते. उजव्या टोकाला लो हाउस, तिथली उंची १.०७ मीटर. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. एका फेरीत २५ तबकड्या आणि प्रत्येक तबकडीला एकच गोळी.

प्रश्न : पॅरिसच्या महिला स्कीट फायनलमध्ये अ‍ॅम्बर रटरची तबकडी फुटलेली टीव्हीवर दिसली, तरी ती चुकली असं धरलं. रायफलमध्ये स्वप्निल कुसाळेचा प्रत्येक गुण यंत्र दाखवत होतं. मग स्कीटमध्ये अजून माणसाच्या डोळ्यावर का विसंबतात? (एक वाचक, कोल्हापूर)

रायफलचं लक्ष्य ५० मीटरवर एका जागी उभं असतं. गोळी कुठून आरपार गेली ते त्यातली यंत्रणा मोजते, माणसाला फक्त आकडा वाचायचा असतो. स्कीटची तबकडी हवेत धावत असते आणि ठरलेल्या हद्दीत तिला जेमतेम दीड-दोन सेकंद मिळतात. नियमाची कसोटी एकच: तबकडीचा निदान एक तुकडा वेगळा होताना दिसला पाहिजे. ‘दिसला’ हा शब्द नियमातच आहे, म्हणून तिथे पाहणारा माणूस लागतो. मुख्य रेफरी आणि त्याला मदत करणारे सहायक रेफरी ते काम करतात.

४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या शातोरू इथल्या रेंजवर काय झालं ते थोडक्यात. ६० तबकड्यांनंतर ग्रेट ब्रिटनची रटर आणि चिलीची फ्रान्सिस्का क्रोवेट्टो या दोघींचे ५५-५५ झाले. बरोबरी सोडवायच्या शूट-ऑफमध्ये रटरची एक तबकडी ‘लॉस्ट’, म्हणजे चुकलेली, दिली गेली. तिनं हरकत घेतली, पण निकाल बदलला नाही. सुवर्ण क्रोवेट्टोला ७-६ असं मिळालं. संथ चित्रणात तबकडीचा कपचा उडताना दिसतो असं अनेकांचं म्हणणं पडलं. पण त्या स्पर्धेत व्हिडिओ तपासणीची सोय ठेवलेली नव्हती, त्यामुळे ते चित्रण रेफरीपुढे जाऊच शकलं नाही. आधीच्या काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती सोय होती, हे पाहता पॅरिसमध्ये ती नसणं ही आयोजनातली गंभीर उणीव होती, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका तबकडीची किंमत आपल्यालाही ठाऊक आहे. त्याच रेंजवर मिश्र सांघिक स्कीटच्या कांस्यपदकाच्या लढतीत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका चीनकडून ४४-४३ असे हरले.

फायनलच्या तबकड्यांत रंगीत भुकटी भरलेली असते. गोळी नीट बसली की ढग उडतो आणि शंका उरत नाही. अडचण कडेला चाटून जाणाऱ्या छऱ्याची. काठाचा कपचा उडतो, पण भुकटी मधल्या भागात असल्यामुळे ती बाहेर पडेलच असं नाही. ढगाची वाट पाहणाऱ्या नजरेतून तो काळसर कपचा सहज निसटतो.

जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत व्हिडिओ नसतोच, म्हणून हरकत घ्यायची रीत हातात बसलेली हवी. निकाल कानावर पडल्याबरोबर, पुढची तबकडी मागण्याआधी, हात वर करा आणि मोठ्यानं ‘प्रोटेस्ट’ म्हणा. रेफरीला नेमबाजी थांबवावीच लागते. तो सहायकांना विचारतो आणि मग अंतिम निर्णय देतो. सहायकांचं मत तो ऐकतो, पण निर्णय त्याचा एकट्याचा असतो. हिट (फुटली), लॉस्ट (चुकली) आणि नो टार्गेट (तबकडी धरली नाही, पुन्हा मिळते) या तिन्हींवर ज्युरीकडे अपील चालत नाही. म्हणजे तुमच्या हातात काय ते दोन-तीन सेकंद असतात. ते वापरायचे तर गोळी सुटल्यावर नजर बंदुकीवर न आणता तबकडीवरच ठेवायची सवय लागते. अनेक खेळाडू गोळी सुटताच बंदूक उघडण्याकडे वळतात आणि मग ‘फुटली होती’ असं प्रशिक्षकानं सांगितल्यावर हात वर करतात. तोवर पुढची तबकडी मागून झालेली असते.

मैदानावर जाऊन तबकडी उचलून दाखवायला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. खाली आधीच्या फेऱ्यांचे तुकडे पसरलेले असतात, धड तबकडीही जमिनीवर आपटून तडकते. शिवाय छर्रा आरपार जाऊन नुसतं भोक पडलेली तबकडी सापडली तरी ती लॉस्टच, कारण हवेत तुकडा निघालेला कोणी पाहिलेला नसतो.

प्रश्न : मुलीच्या गोळीनंतर तबकडीवरून धूळ उडालेली मला स्पष्ट दिसली. रेफरीनं लॉस्ट दिलं. धूळ उडाली म्हणजे छर्रे लागले ना? (एक पालक, नाशिक)

लागले, पण गुण लागण्याचा नसून तुटण्याचा आहे. साध्या तबकडीवरून नुसती धूळ निघाली आणि तुकडा दिसला नाही तर निकाल लॉस्ट. रेफरीचं बरोबर आहे.

धूळ का उडते हे समजून घेतलंत तर सरावाला उपयोग होईल. काडतुसात छऱ्यांचं वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम, मोजणीतली सूट धरून २४.५. दोन मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्यांनी भरलेल्या काडतुसात ते पाचशेच्या आसपास बसतात. हा थवा तबकडीवर मधोमध पडला तर कित्येक छर्रे एकदम बसून तिचा चुरा होतो. थव्याच्या विरळ कडेचा एखादा छर्रा तिरका घासून गेला तर वरचा रंग आणि थोडा भुगा खरवडला जातो, बाकी तबकडी शाबूत. म्हणजे धूळ ही थवा जरासा पुढे, मागे, वर किंवा खाली गेल्याची खूण. मुलीची धूळ एकाच स्टेशनवर वारंवार उडत असेल तर तिथला लीड, म्हणजे तबकडीच्या पुढे ठेवायचं अंतर, तपासायला हवं. वेगवेगळ्या स्टेशनांवर उडत असेल तर बंदूक खांद्याला दर वेळी एकाच जागी बसत नाही असं समजा. आधी याकडे पाहा, चोक, म्हणजे छऱ्यांचा फैलाव ठरवणारा नळीच्या तोंडाचा भाग, बदलायचा विचार नंतर.

प्रश्न : स्कोअर कार्डवर चार नंबरचं स्टेशन दोनदा का येतं? (एक विद्यार्थी, पुणे)

क्रमच तसा आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेशनवर हाय हाउसची एक सुटी तबकडी आणि मग डबल, म्हणजे दोन्ही हाउसमधून एकदम सुटणाऱ्या दोन तबकड्या, त्यात हाय आधी. चौथ्यावर हाय आणि लो अशा दोन सुट्या. पाचव्या-सहाव्यावर लो हाउसची सुटी आणि मग डबल, तिथे लो आधी. सातव्यावर फक्त डबल, लो आधी. मग परत चौथ्यावर येऊन दोन डबल: एक हाय आधी, एक लो आधी. शेवटी आठव्यावर हाय आणि लो एकेक. बेरीज केलीत की २५ होतात. डबलमध्ये क्रम उलटा केला तर फुटलेली तबकडीही उपयोगाची नाही, म्हणून चौथ्याच्या दुसऱ्या डबलला उभं राहताना ‘आता लो’ हे मनात म्हणून घ्या. फेरीत सगळ्यात जास्त विसर तिथेच पडतो.

प्रश्न : बंदूक खांद्याला लवकर लागली म्हणून मला वॉर्निंग मिळाली. मी तर तबकडी दिसल्यावरच उचलली. रेफरीला नेमकं काय दिसतं? (एक नेमबाज, छत्रपती संभाजीनगर)

आयएसएसएफ स्कीटचा सगळा कस या एका नियमात आहे, म्हणून जरा सविस्तर.

जॅकेटवर, ज्या खांद्यावर बंदूक लावता त्या बाजूला, २५ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद अशी काळ्या काठांची पिवळी पट्टी आडवी शिवलेली असते. तबकडी मागताना दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं, खालचं टोक या पट्टीवर किंवा पट्टीखाली हवं, बंदूक दोन्ही हातांत हवी आणि ते टोक रेफरीला दिसलं पाहिजे. तुम्ही ‘पुल’ म्हटल्यावर तबकडी लगेचही येते किंवा ३ सेकंदांपर्यंत कधीही येते. यंत्र ते आपलं आपण ठरवतं. तबकडी दिसेपर्यंत दस्ता तिथेच, न हलता.

पट्टीची जागा कोपराच्या टोकाखाली असते. तपासणीच्या वेळी सगळे खिसे रिकामे करायला लावतात आणि हात कोपरातून पूर्ण दुमडून पट्टी त्या टोकाखाली आडवी येते का ते पाहतात. खिसे रिकामे का, तर २५ काडतुसांच्या वजनानं जॅकेट खाली ओढलं जातं आणि पट्टीही खाली सरकते. घरी आरशासमोर पट्टी लावून घेणारे इथेच फसतात. जॅकेट नवं असताना बरोबर बसलेली पट्टी वर्षभरानं कापड सैल झालं की जागा सोडते. हंगाम सुरू होताना एकदा नव्यानं तपासा.

आता तुमचा प्रश्न. तबकडी दिसायच्या आत झालेली ‘सुरुवात’ रेफरीला तीन ठिकाणी दिसते. पहिलं, ‘पुल’ म्हणताना छाती भरते आणि खांद्यासकट दस्ता बोटभर वर येतो. ही सवय खेळाडूला स्वतःला कळत नाही. दुसरं, नळीचं टोक तबकडी सुटायच्या खिडकीकडे सरकतं आणि त्याबरोबर दस्ता वर चढतो. तिसरं, यंत्राचा आवाज ऐकून, तबकडी नजरेस पडण्याआधीच, हात उचलतात. तुमच्या बाबतीत बहुधा हे तिसरं झालं असावं, कारण आवाजावर उचललं तरी उचलणाऱ्याला तबकडी पाहूनच उचलल्यासारखं वाटतं.

फेरीत पहिल्यांदा असं झालं तर नो टार्गेट आणि वॉर्निंग. त्याच फेरीत पुन्हा झालं तर ती तबकडी लॉस्ट. मित्राला तुमच्या दस्त्याच्या बाजूला उभं करून मोबाइलवर फक्त पट्टी आणि टोक येईल असं जवळून चित्रण करायला सांगा आणि तबकडी मुद्दाम तीन सेकंदांच्या उशिरानं सोडायला लावा. लगेच येणारी तबकडी सवय झाकून टाकते. तीन सेकंद थांबावं लागलं की हालचाल उघडी पडते.

प्रश्न : ‘नो टार्गेट’ मागायचा हक्क नेमबाजाला कधी असतो? आमच्याकडे जो तो आपापला नियम सांगतो. (एक क्लब सदस्य, नागपूर)

नो टार्गेट देणं हे सर्वस्वी रेफरीचं काम. नेमबाज फक्त तबकडी नाकारू शकतो, म्हणजे तिच्यावर गोळी न झाडता बंदूक उघडून हात वर करतो. कारण योग्य होतं की नाही हे रेफरी ठरवतो. त्याला पटलं नाही आणि तबकडी नियमाप्रमाणे होती तर ती लॉस्ट. म्हणून नाकारणं हा जोखमीचा निर्णय आहे आणि तो शंकेवर घेऊ नये.

मान्य होणारी कारणं मोजकी आहेत. तबकडी तुमच्या हाकेआधी आली. हाकेनंतर ३ सेकंदांतही आली नाही. चुकीच्या हाउसमधून आली किंवा सुटीच्या जागी दोन आल्या. डबलमधल्या दोन्ही एकदम सुटल्या नाहीत. तबकडीचा मार्ग उघड बिघडला होता, रंग इतरांपेक्षा ठळक वेगळा होता, किंवा बाहेरच्या कशानं तरी तुमच्या कामात अडथळा आला. ‘मी तयार नव्हतो’ या यादीत नाही. तुम्ही हाक दिली म्हणजे तुम्ही तयार होता.

सगळ्यात मोठी चूक ही की तबकडी खराब वाटली, तरी गोळी झाडली, चुकली आणि मग तक्रार केली. गोळी झाडलीत की तुम्ही ती तबकडी स्वीकारलीत असं धरून चाला. याला दोन अपवाद. तुटून बाहेर आलेली तबकडी कोणत्याही परिस्थितीत नो टार्गेट असते, तिचा उरलेला तुकडा तुम्ही अचूक टिपलात तरी. दुसरा अपवाद रेफरीच्या हाकेचा. त्यानं ‘नो टार्गेट’ गोळीच्या आधी म्हणावं अशी अपेक्षा असते, पण गोळीबरोबर किंवा लगेच नंतर म्हटलं तरी त्याचा शब्द राहतो आणि तबकडी पुन्हा मिळते. मग ती फुटलेली असो वा चुकलेली. फुटलेली तबकडी अशी हातची गेली की फार लागतं. पण चुकलेलीही याच नियमानं परत मिळते, हे लक्षात ठेवून शांतपणे नवी काडतुसं भरावीत.

डबलमधली एक तबकडी तुटून आली तर डबल पुन्हा टाकली जाते. एका गोळीत दोन्ही फुटल्या तर दोन गुण पदरात पडत नाहीत, तीही डबल पुन्हा होते. अशा वेळी कोणत्या तबकडीचा निकाल धरायचा हे रेफरी जाहीर करतो. ते नीट ऐकल्याशिवाय पुढची हाक देऊ नका, ऐकू आलं नाही तर विचारा. आणि नियमाप्रमाणे आलेल्या डबलवर कारण नसताना गोळीच झाडली नाही तर दोन्ही लॉस्ट. पहिली मारून दुसरीला गोळी झाडली नाही तर पहिलीचा निकाल राहतो आणि दुसरी लॉस्ट.

हद्दीबद्दलही विचारलं आहे. प्रत्येक हाउसपासून ४०.३० मीटरवर खूण असते. तिच्यापलीकडे फुटलेली तबकडी लॉस्ट, कितीही चुरा झाला तरी. आठव्या स्टेशनवर तर तबकडी मध्यरेषा ओलांडायच्या आत फुटावी लागते. तिथे विचाराला वेळ नाही, नुसती सरावलेली हालचाल.

प्रश्न : डबलच्या दुसऱ्या गोळीला बंदूक चाललीच नाही. मी उघडून पाहिली आणि रेफरीनं लॉस्ट दिलं. काडतूस खरंच खराब होतं. (एक नेमबाज, सातारा)

काडतूस खराब असेलही, पण तुम्ही बंदूक उघडलीत तिथेच ते सिद्ध करायची संधी गेली. गोळी सुटली नाही की बंदूक मैदानाच्या दिशेनं धरून ठेवायची. उघडायची नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही, रेफरीला सांगून तो जवळ येईपर्यंत तसंच थांबायचं. तो स्वतः पाहतो. सेफ्टी लागलेली होती का? काडतूस भरलं होतं का, आणि योग्य नळीत भरलं होतं का? काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर बंदुकीच्या पिनचा ठसा आहे का? सेफ्टी लागून राहणं किंवा काडतूस भरायला विसरणं हा बिघाड नसून हाताळणीतली चूक आहे, तिथे तबकडी जाते. ठसा पडूनही काडतूस फुटलं नसेल तर तो बिघाड. थांबण्यामागे सुरक्षेचंही कारण आहे. क्वचित काडतूस काही क्षण उशिरानं पेट घेतं, त्या वेळी उघडी बंदूक हातात असणं धोक्याचं.

एका फेरीत असे दोन बिघाड चालतात, मधे बंदूक बदलली किंवा दुरुस्त केली तरी एकूण दोनच. तुमच्यासारखा प्रसंग रेफरीनं मान्य केला असता तर पहिल्या तबकडीचा निकाल कायम ठेवून डबल पुन्हा टाकली गेली असती आणि फक्त दुसरीचा निकाल धरला असता.

प्रश्न : क्लबमध्ये स्पर्धा घ्यायची आहे. तबकड्या ‘नियमाप्रमाणे’ लावायच्या म्हणजे नक्की काय करायचं? (एक क्लब सचिव, कोल्हापूर)

हा प्रश्न विचारलात याचं मनापासून कौतुक. रेफरीवरचे निम्मे वाद यंत्र नीट न लावल्यामुळे होतात.

मैदानाची भूमिती आधी डोळ्यांपुढे आणा. अर्धवर्तुळाची त्रिज्या १९.२० मीटर. दोन्ही हाउसेसना जोडणारी रेषा ३६.८० मीटर, तिच्या मध्यावर आठवं स्टेशन. त्याच्या पुढे ५.५० मीटरवर जमिनीत एक खुंटी, तोच वर्तुळाचा मध्य. दोन्ही हाउसेसच्या तबकड्यांनी या खुंटीच्या वर ४.६० मीटर उंचीवरून जायला हवं. उंची अगदी काटेकोर जमत नाही म्हणून ९० सेंटिमीटर व्यासाची सूट दिलेली आहे. कारखान्यातून एक लोखंडी कडं वाकवून घ्या, लांब खांबावर बसवा आणि कड्याचा मध्य बरोबर ४.६० मीटरवर येईल असं खुंटीवर उभं करा. तबकडी कड्यातून आरपार गेली पाहिजे.

दुसरं माप अंतराचं. वारा नसताना तबकडी हाउसपासून ६८ मीटरवर पडायला हवी, एक मीटर इकडेतिकडे चालतो. हाउसपासून खुंटीवरून सरळ दोरी ताणा आणि ६७, ६८, ६९ मीटरवर चुन्यानं खुणा करा. जमीन पुढे उतरती असेल तर तबकडी खुणेपलीकडे पडते आणि यंत्राचा जोर उगीच कमी केला जातो. उतार असेल तर तेवढं लक्षात घ्या.

क्रम असा ठेवा. पहाटे, वारा सुटायच्या आत. आधी दिशा आणि उंची कड्यावर जमवा, मग स्प्रिंगचा ताण कमीजास्त करून अंतर. ताण बदलला की उंचीही बदलते, म्हणून परत कड्याकडे या. असे दोन-तीन फेरे होतातच. शेवटी प्रत्येक हाउसमधून सलग दहा तबकड्या टाका आणि सगळ्या कड्यातून जातात का पाहा. सात गेल्या, तीन कड्याला थडकल्या तर यंत्राच्या हातावरचं रबर झिजलेलं असू शकतं, किंवा यंत्राचे पायाचे बोल्ट सैल झालेले असतात. स्टँड हलत असेल तर वर कितीही जुळवा, दुपारपर्यंत सगळं बिघडतं. तबकड्याही एकाच कंपनीच्या आणि शक्यतो एकाच खेपेच्या वापरा. वेगळ्या वजनाची तबकडी त्याच ताणावर वेगळ्या अंतरावर पडते. उन्हात ठेवलेल्या पेट्यांतल्या तबकड्या मऊ पडतात, कोंबून रचलेल्या तडकतात आणि मग बाहेर येताना तुटतात. पेट्या सावलीत, लाकडी पाटावर.

डबलसाठी दोन्ही यंत्रं एकाच क्षणी सुटतात का हे वेगळं तपासा. चौथ्या स्टेशनवर मागे उभं राहून मोबाइलनं संथ चित्रण केलंत तर फरक चटकन दिसतो. एका यंत्राची केबल सैल असणं हे त्याचं नेहमीचं कारण.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये क्लबवर स्कीट खेळतो. इथे बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवतात आणि पहिली चुकलेली तबकडी पुन्हा देतात. भारतात स्पर्धा पाहायला आलो तर सगळंच वेगळं. खेळ एकच ना? (एक वाचक, ह्यूस्टन)

मैदान जवळजवळ एकच, खेळ दोन. तुमच्या क्लबवर अमेरिकेच्या राष्ट्रीय स्कीट संघटनेचे, म्हणजे एनएसएसएचे नियम असावेत. तिथे बंदूक खांद्याला लावून हाक देता येते आणि हाकेसरशी तबकडी येते. तबकडी साधारण ६० यार्डांवर, म्हणजे ५५ मीटरच्या आसपास पडते. आयएसएसएफच्या ६८ मीटरपुढे तिचा वेग चांगलाच कमी वाटेल. डबल फक्त पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या स्टेशनवर. पहिल्या चुकीनंतर तीच तबकडी पुन्हा मिळते, तिला ‘ऑप्शन’ म्हणतात. तीच २५वी गोळी. आयएसएसएफमध्ये ऑप्शन नाही, चुकली ती चुकली.

हद्द मात्र दोन्हीकडे सारखी, तुमचे ४४ यार्ड म्हणजे आमचे ४० मीटर. हिट व्हायला तुकडा दिसला पाहिजे हेही दोन्हीकडे सारखंच.

आयएसएसएफ स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर दोन गोष्टींपासून सुरुवात करा. सध्याच्या जॅकेटवर पिवळी पट्टी लावून घ्या आणि रिकाम्या बंदुकीनं घरीच दस्ता पट्टीखालून खांद्यापर्यंत आणायचा सराव रोज करा. आणि काडतुसांची पेटी वाचून पाहा. तिकडच्या १२ गेजच्या काडतुसांत २८ किंवा ३२ ग्रॅम छर्रे असतात, ती आयएसएसएफ स्पर्धेत चालत नाहीत. २४ ग्रॅम लिहिलेलीच घ्या.